इसाकभाईंचे वाढीव वजन

नेकनूरहून बीडकडे निघणाऱ्या सकाळच्या एस.टी.मध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दोन प्रवासी हमखास असतात. एक मी, गुरुपाद, किराणा मालाचा दुकानदार. आणि दुसरे शेख इसाक, तराजू दुरुस्त करणारे कारागीर. आम्हा दोघांचीही मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत. माझी रक्तदाबाने गेली, त्यांची मधुमेहाने. कारणे भिन्न असली तरी उतरण्याचे ठिकाण एकच. बीडमधील एका रुग्णालयात डायलिसिसचा विभाग आहे. तेथे यंत्र आमचे रक्त बाहेर घेते, शुद्ध करते आणि पुन्हा देहात सोडते.

ज्यांना या उपचाराचा अनुभव नाही त्यांच्याकरिता एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व हकिगत तिच्यावरच उभी आहे. आमच्यासारख्या रुग्णांना लघवी जवळजवळ होत नाही. जे पाणी प्यावे ते अंगातच साठते. म्हणून प्रत्येक रुग्णाचे एक ‘कोरडे वजन’ डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. विभागात प्रवेश करताच वजनकाट्यावर उभे राहावयाचे. कोरड्या वजनाहून जितके अधिक भरेल तितके पाणी त्या दिवशी यंत्राने ओढून घ्यावयाचे. कमी ओढले तर धाप लागते, अधिक ओढले तर रक्तदाब कोसळतो आणि पायांत असे गोळे येतात की धडधाकट पुरुषानेही आईला हाक मारावी.

इसाकभाईंना हे सर्व प्रथम समजावून सांगण्यात आले तेव्हा ते मोठ्याने हसले होते.

“आप्पा, जिंदगीभर लोकांचे काटे सरळ केले,” ते मला म्हणाले, “आता काटा माझा हिशेब घेनार.”

त्यांचा व्यवसाय पिढीजात होता. आमच्या गावच्या आठवडी बाजारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची बैठक असे. पोत्याचा एक तुकडा अंथरून त्यावर कानस, पक्कड, तेलाची कुपी आणि लहानमोठी लोखंडी वजने ते अशी मांडीत की एखाद्या पुजाऱ्याने पूजेचे साहित्य मांडावे. अलीकडे सर्वत्र विजेवर चालणारे काटे आले. तेही उघडून झाडपूस करण्याचे त्यांनी शिकून घेतले होते. परंतु दसरा उलटला की त्यांच्याकडे खरी गर्दी होई. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात व्यापारी लोक आपापला जुना तराजू पूजेस मांडतात. वर्षभर माळ्यावर पडलेला तराजू त्या दिवसासाठी उतरविला जातो, घासला जातो, आणि त्याचा काटा मध्यावर स्थिर उभा राहिला पाहिजे असा सर्वांचा आग्रह असतो. तोलच चुकलेला तराजू देवीपुढे कसा ठेवावा? पाटोद्याच्या धान्याच्या मोंढ्यापासून धारूरच्या पेठेपर्यंतचे पूजेचे तराजू त्या दिवसांत इसाकभाईंच्या हाताखालून जात.

गेल्या वर्षी त्याच सुमारास त्यांच्या नेत्रांनी दगा दिला.

प्रथम त्यांनी ते गमतीच्या स्वरात सांगितले. आमच्या दोघांच्या खाटा शेजारी होत्या. यंत्रे सुरू झाली होती, आणि पलीकडच्या खाटेवर धारूरचे बद्रीनाथ पडले होते. आजाराने कातडी काळवंडली तरी त्यांची थट्टेची सवय गेलेली नव्हती.

“आप्पा,” इसाकभाई म्हणाले, “काल तुमच्या दुकानातल्या घड्याळाचे आकडे मला दिसंनात. आन् आज हितून उठलो की दिसत्याल बघा. दर येळंला असंच हुतंय.”

“असं कावून?”

“पानी! अंगात पानी चढलं की पायाला सूज, तोंडाला सूज. मग डोळ्यालाच कावून सोडंल? डोळा बी फुगतोय. मशीननं पानी वडलं की नजर साफ.”

“मंग चाचा,” बद्रीनाथ मध्येच म्हणाले, “डोळ्यालाच येक नळी लावा म्हना ताईला. टाकीसारखी तोटी बसवा. बघायचं आसलं की सोडायची.”

“गप बे. तुझं तोंड दिसू नये म्हनून तर मी हितं डोळं झाकून पडतोय.”

यंत्रांवर देखरेख करणाऱ्या उज्ज्वलाताई रक्तदाब मोजण्यास आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

“चाचा, डोळ्याचा पडदा तपासून घेतलाय का कधी?”

“तीन चष्मे झालेत, ताई.”

“चष्म्याचा नंबर वेगळा, पडदा वेगळा. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. शुगरनं किडनीतल्या बारीक नसा खराब होतात ना, तशाच त्या पडद्यातल्या पण होतात. मी तुम्हाला मागंही सांगितलं होतं. थेंब टाकून तपासतात. दुखत नाही.”

“दाखवू की,” इसाकभाई म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळविले.

परतीच्या प्रवासात मी तो विषय पुन्हा काढला. एस.टी.त आमच्यामागे कोणी बसलेले नाही याची खात्री करून घेतल्यावरच ते बोलले.

“डॉक्टर काय सांगनार ते मला म्हाईत हाय, आप्पा. आमच्या मामूला असंच तपासाया नेलतं. डॉक्टर म्हनला, लई उशीर झाला. त्यो दवाखान्यातून घरी पोचायच्या आधी बाजारात बातमी पोचली, सुलेमान आंधळा झाला म्हनून. त्येला थोडं थोडं दिसत व्हतं की अजून! पन आंधळा म्हटलं की संपलं. आंधळ्याकडं तराजू कोन देतंय?”

“पन घरी तरी सांगितलंय का?”

“रहेमतबीला? ती रडंल आन् मोहल्ला गोळा करंल. तुमी बी बोलू नका.”

मी पुष्कळ वाद घातला. परंतु ज्या मनुष्याला आपल्या हाताच्या कसबाखेरीज जगात दुसरा मान नाही, त्याला ते कसब संपले असे ऐकण्यासाठी दवाखान्यात जा म्हणणे सोपे नसते. तरीही त्यांचा तो तर्क मला पटेना. आणि खोटा म्हणावा तर डायलिसिसनंतर त्यांना खरोखरच अधिक स्पष्ट दिसत होते. एस.टी.ची पाटी त्यांनीच मला वाचून दाखविली. अर्धे सत्य हाती असले म्हणजे मनुष्य उरलेल्या अर्ध्याची चौकशी करीत नाही.

त्यानंतरच्या बाजारी पाटोद्याचे राधाकिशन सराफ आपला पूजेचा काटा घेऊन आले. काचेच्या पेटीतील तो पितळी काटा त्यांच्या आजोबांच्या वेळचा. पारडी पिंपळाच्या पानाएवढी. इसाकभाईंनी तो दिव्याजवळ धरून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “शेठ, मधला काटा वाकलाय. सरळ करून ठिवतो.” राधाकिशनना घाई होती. ते मान डोलावून निघून गेले, आणि मीही गिऱ्हाइकांत गुंतलेला असल्यामुळे तिकडे पाहिले नाही.

पुढील बाजारी त्यांनी काटा नेला आणि थोड्याच वेळात तो पुन्हा आणून माझ्या गल्ल्यावर ठेवला.

“इसाकमियाँ, हे काय केलंत?”

“काय झालं, शेठ?”

“सरळ काटा दिलता मी तुमाला. वाकडा करून दिलात!”

“वाकडा व्हता, शेठ. मी सरळ केला.”

“सरळ? आप्पा, तुमीच बघा. हे सरळ हाय?”

मला बघावेच लागले. काट्याला मध्यभागी पोट आले होते. लहान मुलालाही ते दिसले असते. दुकानातील गिऱ्हाईकसुद्धा वाकून पाहू लागले. इसाकभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. काटा जवळ नेला, दूर धरला. नंतर त्यांनी मान वर करून माझ्या दुकानाच्या दाराकडे पाहिले. ते कितीतरी वेळ दाराकडेच पाहत होते.

“आप्पा,” त्यांनी अगदी हळू विचारले, “तुमच्या दाराची चौकट सरळ हाय का?”

“सरळ हाय, इसाकभाई.”

“मला मधी वाकलेली दिसती.”

राधाकिशन स्वभावाने दुष्ट नव्हते. ते शब्द कानी पडताच त्यांचा आवाज खाली आला.

“राहू द्या, मियाँ. व्हतं असं.”

“ठिवून जावा शेठ. नीट करतो. पैकं नकोत.”

“नको, नको. लक्ष्मीला असाच मांडीन. देवाला चालतंय.”

आणि त्यांनी तो काटा पेटीत घातला. त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्यांना आलेल्या किवेने इसाकभाईंचा चेहरा जसा उतरला तसा तो सुई टोचतानाही मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पोत्याचा तुकडा गुंडाळला. ओट्यावर दुरुस्तीस आलेले आणखी तराजू होते. त्यांना त्यांनी हात लावला नाही.

“आता तरी डोळे दाखवा,” मी म्हणालो.

“न्हाई आप्पा. ती लोकं पानी कमी काढतेत. डोळ्यातलं तळाचं पानी ऱ्हातंय. आनखी काढाया पायजे. दिवाळीच्या आत नजर साफ झाली तर सगळे काटे हुत्याल.”

मंगळवारी त्यांनी उज्ज्वलाताईंना तशी विनंती करून पाहिली.

“ताई, आज येक किलो जादा काढा.”

“वजनाप्रमाणं काढते मी चाचा, तुमच्या मनाप्रमाणं नाही. कोरड्या वजनाच्या खाली गेलात तर बीपी पडेल.”

“मला सोसतंय.”

“मला नाही सोसत,” असे म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

शुक्रवारी मात्र वजनकाट्यावर उभे राहिल्यावर इसाकभाईंचे वजन नेहमीपेक्षा बरेच अधिक भरले. उज्ज्वलाताई संतापल्या.

“चाचा! एवढं पाणी पिलात?”

“ऊन लई हाय, ताई. ऱ्हावलं न्हाई.”

“मग भोगा आता. सगळं काढावं लागणार.”

मला नवल वाटले. आदल्या दिवशी ते दुपारभर माझ्या दुकानात होते. मी देऊ केलेला चहाही त्यांनी नाकारला होता. तहान मारण्यासाठी ते तोंडात लवंग धरीत आणि नळाकडे पाहावयाचेसुद्धा टाळीत. मग हे वजन कोठून वाढले? त्या दिवशी अखेरच्या तासाला त्यांच्या पिंढऱ्यांत गोळे आले. दात आवळून त्यांनी ते सहन केले, आणि परतताना मोठ्या आशेने रस्त्यावरील पाट्या वाचण्याचा प्रयत्न करू लागले.

“दिसतंय का?”

“फरक हाय,” ते म्हणाले. परंतु वाचून काही दाखविले नाही.

पुढील मंगळवारी पुन्हा तेच. वजन वाढलेलेच. उज्ज्वलाताईंनी या खेपेस डॉक्टरांना विचारले. छातीत पाणी असल्याचे काही लक्षण नाही, पायांना सूज नाही, तरी वजन का वाढते, हा त्यांनाही प्रश्न पडला. “आज बेताने काढा,” असे डॉक्टर म्हणाले. परंतु तो बेतसुद्धा इसाकभाईंच्या देहाला झेपण्यासारखा नव्हता, हे कोणास ठाऊक असणार?

यंत्र सुरू होऊन बराच वेळ झाला होता. बद्रीनाथ भाच्याच्या लग्नातील जेवणाचे वर्णन करीत होते आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. इतक्यात इसाकभाईंनी मला हाक मारली. ती हाक नेहमीची नव्हती.

“आप्पा... थंड व्हाया लागलंय.”

मी पाहिले तो त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. कपाळावर घाम डबडबला होता. पाय आखडून ते एका कुशीवर वळले आणि त्यांना जोराची उलटी झाली, मग दुसरी. उज्ज्वलाताई धावल्या. त्यांनी खाटेचा पायथा उंच केला, पाणी ओढणे थांबविले, सलाईन सोडले. छाती मोकळी करण्यासाठी त्यांनी सदऱ्याच्या आतील जाड बंडीची बटणे उघडली आणि त्यांचा हात एकदम थबकला.

बंडीच्या आतील खिशातून त्यांनी अर्ध्या किलोचे लोखंडी वजन बाहेर काढले. दुसऱ्या बाजूच्या खिशातून तसेच दुसरे.

बद्रीनाथांचे लग्नाच्या जेवणाचे वर्णन अर्ध्यावरच राहिले.

रक्तदाब सावरल्यावर इसाकभाईंनी डोळे उघडले. उज्ज्वलाताई ती दोन्ही वजने हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात राग.

“चाचा, हे काय आहे? मी तुमच्या अंगातलं नसलेलं पाणी काढत होते! मेला असता तुम्ही, माझ्या हातानं!”

“तुमची चूक न्हाई, ताई.”

“जन्मभर लोकांच्या काट्यांची लबाडी काढलीत, आणि माझ्या काट्याला फसवलंत?”

“गिऱ्हाइकाला कधी कमी तोललं न्हाई मी,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “फकस्त मला जादा तोललं. मला नजर पायजे व्हती.”

ज्या मनुष्याने आयुष्यभर खोट्या वजनाचा तिरस्कार केला, त्याने पहिले खोटे वजन केले ते स्वतःच्याच देहावर. मला त्यांचा राग यावयास हवा होता. परंतु मनात दाटून आली ती केवळ करुणा.

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “ताई, छताला काय लागलंय? कोळिष्टकं हायेत का?”

“नाही. का?”

“उजव्या डोळ्यापुढं काळे धागे उतरायलेत. शाई सांडल्यासारखे.” त्यांनी डोळा चोळला. “वाढायलेत.”

डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही डोळ्यांपुढे बोटे धरून पाहिली. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला असावा, पडद्याच्या तज्ज्ञांकडे विलंब न करता गेले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. “वजनामुळे झालं का हे?” असे मी विचारले. ते म्हणाले की पडद्यावरील नाजूक नसा केव्हाही फुटू शकतात. उलटीच्या जोराने आज फुटल्या असतील, परंतु त्या फुटण्यासारख्या झाल्या त्याला कितीतरी वर्षे लागलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील नेत्ररुग्णालयात त्यांनी दूरध्वनी केला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून दिली.

उज्ज्वलाताईंनी घरी निरोप दिलेला असल्यामुळे सायंकाळी रहेमतभाभी येऊन पोहोचल्या. त्यांना सर्व काही एकाच वेळी कळले: वजने, उलट्या, नजर, राधाकिशनांचा काटा. त्या रडतील, मोहल्ला गोळा करतील, असे इसाकभाईंचे भाकीत होते. त्यांनी तसे काहीच केले नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

“आप्पा, इनकू पूछो, मैं इनकी कौन लगती? डोळ्याचं तुमाला म्हाईत, सराफाला म्हाईत, मलाच न्हाई?”

“भाभी, तुमाला तरास नको म्हनून—”

“तरास!” एवढा एकच शब्द त्यांनी उच्चारला, आणि त्यानंतर नवऱ्याशी बोलणेच बंद केले. रात्री घरी त्यांनी त्यांना भाकरी वाढली, गोळ्या दिल्या, अंथरुणात डोक्याखाली उशा रचल्या. पण अक्षर बोलल्या नाहीत. हे मला इसाकभाईंनीच दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. “आप्पा, शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती,” ते म्हणाले.

आम्ही तिघे एस.टी.ने संभाजीनगरास गेलो. इसाकभाई मध्ये, मी खिडकीशी, आणि भाभी पलीकडे, ओठ घट्ट मिटून.

तेथील डॉक्टर शिवानी वयाने लहान, परंतु बोलण्यात मोठ्या धीराच्या होत्या. थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या झाल्यावर त्यांनी दोन्ही डोळे तपासले, आतील पडद्याची छायाचित्रे घेतली, आणि मग खुर्ची ओढून इसाकभाईंच्या अगदी समोर बसल्या.

“चाचा, मी जे आहे ते स्पष्ट सांगते. चालेल?”

“सांगा, बाई.”

“तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर नवीन, कच्च्या नसा उगवल्या आहेत. त्या फुटतात आणि रक्त येतं. उजव्यात ते झालंय. ते हळूहळू निवळतं का, ते पाहू. डोकं उंच ठेवून झोपा. नाही निवळलं तर ऑपरेशन करावं लागेल, पण त्याने किती दिसेल याचं वचन मी देत नाही. डाव्यात अजून रक्त उतरलेलं नाही. पण पडद्याच्या मधोमध सूज आहे. म्हणून तुम्हाला सरळ वस्तू वाकडी दिसते.”

“डायलिसिस झाल्यावर साफ दिसत व्हतं, बाई. मी खोटं न्हाई सांगत.”

“मला माहीत आहे. अंगातलं जास्तीचं पाणी गेलं की ती सूज थोडी उतरते. तुमचं निरीक्षण बरोबर होतं. पण गळकी नस तशीच राहते ना? घरात पाणी साचलं तर बादलीनं उपसता येतं. फुटलेला नळ उपसून दुरुस्त होत नाही.”

इसाकभाईंनी हातातला चष्मा मिटून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“मग विलाज?”

“डाव्या डोळ्याला आज लेझर सुरू करू. कच्च्या नसा त्याने सुकतात. सुजेसाठी पुढं इंजेक्शनं द्यावी लागतील.”

“त्येच्यानं काटा सरळ दिसंल?”

“थोडा फरक पडू शकतो. पहिल्यासारखं नाही. लेझर हे नजर वाढवण्यासाठी नसतं, चाचा. आहे ती राखण्यासाठी असतं. उलट अंधारात थोडं कमी दिसेल.”

“म्हंजी इतकं सगळं करायचं, आन् हाय तेवढंच?”

“हो.”

“आन् न्हाई केलं तर?”

“डावाही एक दिवस उजव्यासारखा होईल. कधी, ते मला सांगता येणार नाही.”

व्यापारी मनुष्य ज्या व्यवहारात नफा नाही त्यात पडत नाही. केवळ तोटा टाळण्याचा व्यवहार त्याला समजण्यास वेळ लागतो. इसाकभाईंच्या मनात काय चालले असेल ते मी जाणत होतो. गेलेले कसब परत मिळण्याची एकमेव आशा त्या मुलीने अत्यंत मृदू शब्दांत मिटवून टाकली होती. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, जणू आता ते उठून जाणार.

“तराजू गेला म्हनायचा,” ते पुटपुटले. “मग डोळा कशाला ठिवायचा?”

त्या वाक्यासरशी रहेमतभाभींनी आदल्या सायंकाळपासूनचे मौन मोडले. त्या उठून थेट नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“उजवा डोळा झाका.”

“रहेमतबी—”

“झाका म्हनते ना! आता सांगा, मी दिसतीय का?”

“दिसतीस की.”

“सच्ची बोलो. अल्लाकू हाजिर रखके.”

इसाकभाईंनी डोळा बारीक केला, मान जरा तिरकी केली. ते इतके लक्षपूर्वक पाहत होते की डॉक्टर शिवानीही थांबून राहिल्या.

“कडंकडंनं दिसतंय. पदर दिसतोय. कान दिसतोय, झुमका हालतोय.” त्यांनी मान आणखी वळविली. “मधलं न्हाई दिसत. नाक न्हाई, तोंड न्हाई. धुरावानी हाय.”

“नाकातली चमकी?”

“न्हाई.”

“कवापास्नं?”

“उन्हाळ्यापास्नं असंल. मशीनवरनं आलो की तेवढं जरा दिसायचं.”

“आन् ईदला नवी चमकी घातली तवा म्हनलात, लई शोभती म्हनून!”

“शोभतच असंल की,” ते म्हणाले. “शोभनार न्हाई असं मला कवा वाटलं?”

भाभींना हसू आले असावे, किंवा रडू. त्यांनी पदर तोंडाला लावल्यामुळे मला नीट कळले नाही. काही वेळाने त्या म्हणाल्या, “माझा पदर दिसतोय ना? तेवढाबी ठिवायचा न्हाई का? सराफाच्या काट्यासाठी डोळा हवा व्हता, माझ्यासाठी नको?”

इसाकभाईंच्या मोठ्या बाहुल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते थेंबांच्या औषधाचे होते की आणखी कशाचे, हे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. अखेर त्यांनी डॉक्टरांकडे तोंड केले.

“बाई, हाय तेवढं राखा. कुठं बसायचं ते सांगा.”

त्यांना शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेण्यात आले. हनुवटी टेकविण्याचे एक यंत्र दाराच्या फटीतून मला ओझरते दिसले. दार बंद झाले. बाहेरच्या बाकावर मी आणि भाभी बसलो. आतून अधूनमधून डॉक्टर शिवानींचा आवाज येई: “हलू नका चाचा. छान. आणखी थोडं. माझ्या कानाकडे बघा.” भाभी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. मीही मनातल्या मनात शिवाचे नाव घेत होतो. दोन्ही प्रार्थना एकाच दाराशी जाऊन थांबल्या असाव्यात.

इसाकभाई बाहेर आले ते भिंतीचा आधार घेत. प्रखर प्रकाशाने डावा डोळा काही काळ पूर्णच दिपून गेला होता. उजव्यात तर रक्तच. त्या घटकेला त्यांना काहीच दिसत नव्हते, हे त्यांच्या चाचपडणाऱ्या हातांवरून उघड होते. मी त्यांना धरण्यासाठी उठलो.

“हिरवी बिजली चमकतीय डोळ्यात,” ते म्हणाले. “दुखलं थोडं. आप्पा, रहेमतबी कुठं हाय?”

“मी हितंच हाय,” भाभी म्हणाल्या.

“बोलत ऱ्हा जरा. म्हंजी कळतंय कुठं हायेस ते.”

भाभींनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला, आणि बोलावयास आरंभ केला. किलोभर लोखंड अंगावर बांधून फिरणारा मनुष्य त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, असे त्या म्हणाल्या. जिना आहे, पाय उचला, असे म्हणाल्या. मामूंनाही अशीच अक्कल होती, सगळे खानदानच तसले, असे म्हणाल्या. पुढच्या तपासणीला मीच येणार, आता आप्पाला मध्ये घालायचे नाही, असेही त्यांनी बजावले. जिना संपला, रस्ता ओलांडला, बसस्थानक आले, तरी त्या थांबल्या नाहीत. मान किंचित पुढे काढून, त्या आवाजाच्या मागोमाग, इसाकभाई एकही ठेच न लागता चालत होते.